सहाव्या दिवसाचा मान्ना

शास्त्रभाग : निर्गम, अध्याय १६



इस्राएल लोक रानांत असतां देवानें त्यांस आकाशांतून अन्न दिलें, ही कथा आपल्या शब्बाथशाळेंतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. सकाळचें दंव उडून गेलें कीं भूमीवर कांहीं बारीक, पांढरें पसरलेलें दिसे. ज्यानें त्यानें आपल्या डेऱ्यांतील माणसांच्या मानानें, माणशीं एक ओमर, तें गोळा करावें आणि दुसऱ्या दिवसासाठीं त्यांतून कांहीं मागें ठेवूं नये, असें मोशेनें सांगितलें होतें. कित्येकांनीं तें मानिलें नाहीं. त्यांनीं थोडें झांकून ठेविलें. सकाळीं उघडून पाहतात तों त्यांत किडे पडलेले आणि दुर्गंधि सुटलेली.

परंतु कथा येथें संपत नाहीं. सहाव्या दिवशीं लोकांनीं दुप्पट गोळा केलें. दुसरा दिवस शब्बाथाचा होता. त्या दिवशीं रानांत कांहींच मिळावयाचें नव्हतें. म्हणून जें उरेल तें सकाळपर्यंत राखून ठेवा, असें या वेळीं मोशेनेंच सांगितलें. लोकांनीं तें राखून ठेविलें, आणि त्यांत किडा पडला नाहीं.

मान्ना तोच, भांडें तेंच, रात्रहि तेवढीच. तरी एका रात्रीं ठेविलेला मान्ना नासला आणि दुसऱ्या रात्रीं ठेविलेला टिकला. असें कां व्हावें? या प्रश्नाचा आपल्या घरच्या पैशाशीं फार जवळचा संबंध आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच या आठवड्यांत आम्ही त्याविषयीं लिहीत आहों.

आपल्या मंडळ्यांत शिल्लक टाकण्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कांहीं जण म्हणतात, ज्याचा देवावर भरंवसा आहे त्यानें उद्यांचा विचार कशाला करावा? प्रभूनें आकाशांतील पांखरांकडे बोट दाखविलें नाहीं काय? दुसरे म्हणतात, हें जग पैशाचें आहे. हातीं येईल तें दाबून ठेवावें, कोणास दाखवूं नये, कोणास देऊं नये. पहिल्यांनीं मान्नाची अर्धी कथा वाचिली आहे, आणि दुसऱ्यांनीं ती मुळींच वाचिली नाहीं. आपण ती सबंध वाचूं या.

नासलेला मान्ना

पहिल्या पांच दिवसांतील मान्ना कां नासला? उद्यां सकाळीं पुन्हा मिळेल, असें देवाचें वचन होतें. ज्यांनीं तो लपवून ठेविला त्यांना गरज नव्हती. त्यांना भय होतें, किंवा हांव होती. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांतील धनवान शेतकऱ्याचें असेंच झालें. त्याचें पीक चांगलें आलें हा त्याचा दोष नव्हे. कोठारें बांधावीं असें त्याच्या मनांत आलें, एवढ्यानेंहि तो मूर्ख ठरला नाहीं. त्याच्या सगळ्या विचारांत देव नव्हता, शेजारी नव्हता, मजूर नव्हता. केवळ तो आणि त्याचें धान्य एवढेंच होतें. त्या रात्रीं त्याचा प्राण मागून घेतला गेला, आणि कोठारें कोणाचीं झालीं हें शास्त्र सांगतहि नाहीं.

आपल्या गांवांत एवढीं मोठीं कोठारें कोणाचीं नाहींत. परंतु ही हांव लहान घरांतहि शिरते आणि ती दुसऱ्या वेषानें येते. कोणी एक ओळखीचा मनुष्य येतो, कधीं कधीं तो आपल्याच मंडळींतला असतो, आणि सांगतो कीं अमुक ठिकाणीं पैसे टाका, थोड्या वर्षांत दुप्पट होतील. आणखी चार जण आणा म्हणजे तुम्हांस वेगळें कमिशन मिळेल. ज्या स्त्रीनें दहा वर्षें खुरपून कांहीं हजार रुपये जमविले ती ते एका दिवसांत त्याच्या हातीं देते. बंधूंनो, जें फार झपाट्यानें वाढतें असें सांगतात तें बहुधा झपाट्यानें नासतें. घाम गाळून मिळविलेला पैसा हळू वाढतो. त्याला हळूच वाढूं द्यावें. नीतिसूत्रांचा कर्ता मुंगीकडे जावयास सांगतो. मुंगी एका वेळीं एकच दाणा नेते.

टिकलेला मान्ना

आतां सहाव्या दिवसाकडे पाहूं. त्या दिवशीं राखून ठेवणें हा अविश्वास नव्हता. तें आज्ञापालन होतें. ज्या दिवशीं गोळा करितां यावयाचें नाहीं असा एक दिवस येणार आहे, हें देवानें आधींच कळविलें होतें. तें ऐकून तयारी करणारा मनुष्य विश्वासू ठरला. उलट, कांहीं लोक सातव्या दिवशींहि भांडें घेऊन बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनीं परत आले. त्या सकाळीं त्यांचीं मुलें काय खाऊन राहिलीं असतील?

आपल्या जीवनांतहि असे सातवे दिवस येतात, आणि ते कांहीं अचानक येत नाहींत. कापूस व सोयाबीन विकलें गेलें कीं घरांत चार पैसे दिसतात. ज्येष्ठ-आषाढांत बी-बियाणें, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकें एकदमच येऊन उभीं राहतात. पावसाच्या झडींत मजुराला कित्येक दिवस काम नसतें. घरांत बाळंतपण असतें, ताप असतो, म्हातारपण असतें. दरवर्षीं पावसाळा येतो, आणि दरवर्षीं आपण जणूं पहिल्यानेंच तो पाहत आहों असे चकित होतों. जो खर्च येणार हें ठाऊक आहे त्यासाठीं आधीं कांहीं ठेवावें, यास चिंता म्हणत नाहींत. चिंता मनुष्यास रात्रीं जागवते. तयारी त्याला निजूं देते. प्रभूनें पांखरें दाखविलीं खरीं, परंतु पांखरेंहि घरटीं बांधितात.

योसेफाची कथा आपणांस ठाऊकच आहे. सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या उत्पन्नाचा पांचवा हिस्सा त्यानें कोठारांत साठविला, आणि दुष्काळांत त्यावर देश जगला. एवढा भाग आम्ही उपदेशांत पुष्कळ वेळां सांगतों. परंतु पुढील एक भाग आम्ही क्वचितच वाचितों. तो उत्पत्तीच्या सत्तेचाळीसाव्या अध्यायांत आहे. तें धान्य लोकांस फुकट मिळालें नाहीं. पहिल्यानें त्यांचा पैसा गेला, मग गुरेंढोरें गेलीं, मग जमिनी गेल्या, आणि शेवटीं ते स्वतः फारोचे दास झाले. धान्य त्यांच्याच शेतांत पिकलेलें होतें, पण कोठार दुसऱ्याचें होतें. यांतील धडा कठीण आहे, पण तो आपल्यासाठींच लिहिला आहे. ज्याच्या घरीं स्वतःचें लहानसें कोठार नाहीं, त्याला अडचणीच्या दिवशीं दुसऱ्याच्या कोठाराच्या दारीं उभें राहावें लागतें. आणि दाराआड बसलेला मनुष्य प्रत्येक वेळीं योसेफासारखा नसतो.

आपल्या महाराष्ट्रानें हें भोगिलें आहे. १८७५ सालीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले, सावकारांच्या दुकानांवर गेले, आणि कर्जाचे रोखे व वह्या त्यांनीं जाळल्या. तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. पुढें १८७९ सालीं सरकारास दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करावा लागला. कागद जळाले, कायदा झाला. परंतु कर्जाची गरज जळाली नाहीं. ज्या घरांत शिल्लक नव्हती तेथें नवा कागद झाला.

सहावा दिवस येतच नाहीं

येथवर लिहिलें तेंच आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत उपदेशांत सांगितलें होतें. उपासना संपल्यावर एक विधवा बाई दाराशीं थांबली. ती शेतमजुरी करणारी. ती म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्हीं सांगितलें तें खरें आहे. पण माझ्या घरीं सहावा दिवस येतच नाहीं. पांच दिवसांचें पांच दिवसांतच संपतें. मग मी ठेवूं तरी काय?”

आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं, हें आम्ही येथें कबूल करितों. व्यासपीठावरून काटकसर सांगणें सोपें आहे. चुलीपुढें बसून सांगणें तितकें सोपें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मंडळींतील एक वडील व आम्ही तिच्या घरीं गेलों, आणि दिनदर्शिकेच्या कोऱ्या पानावर तिच्याबरोबर हिशेब मांडिला. तिचें खाणें-पिणें अत्यंत साधें होतें; तेथें कापण्यासारखें कांहींच नव्हतें. परंतु एक रकम दरमहा जात होती. मुलाच्या आजारांत तिनें १०,००० रुपये काढिले होते, दरमहा शेंकडा पांच व्याजानें. महिन्याला ५०० रुपये ती न चुकतां नेऊन देत होती. दोन वर्षें झालीं होतीं. १२,००० रुपये देऊन झाले होते, आणि मुद्दल दहा हजारांचें दहा हजारच होतें.

ती समजत होती कीं व्याज शेंकडा पांच आहे. दरमहा पांच म्हणजे वर्षास साठ, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हींहि सांगितलें नव्हतें, जरी त्या दोन वर्षांत ती प्रत्येक रविवारीं आमच्यापुढें बसलेली होती.

त्या गांवांत स्त्रियांचा एक बचत गट चालू होता. मंडळींतील एका भगिनीनें तिला त्यांत घेतलें, आणि कांहीं महिन्यांनीं गटानें तिला १०,००० रुपये दरमहा शेंकडा दोन व्याजानें दिले. तिनें सावकाराचें मुद्दल एकदम फेडिलें. आतां वाचकांनीं हा हिशेब नीट पाहावा. महिन्याला ५०० रुपये ती पूर्वींहि देत होती आणि आतांहि तेवढेच देऊं लागली. पूर्वीं ते सगळे व्याजांत जात. आतां पहिल्या महिन्यांत २०० रुपये व्याजाचे झाले व ३०० मुद्दलांत पडले. दुसऱ्या महिन्यांत व्याज १९४ आणि मुद्दलांत ३०६. असें होत होत सुमारें सव्वीस महिन्यांत हें कर्ज फिटतें, आणि एकंदर व्याज तीन हजारांच्या आंतच राहतें. पावसाळ्यांत तिचे दोन हप्ते चुकले, म्हणून तिला एकोणतीस महिने लागले. ज्या दिवशीं खातें बंद झालें त्या दिवशीं ती आमच्या घरीं आली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, आतां माझा सहावा दिवस आला.” पुढच्या महिन्यापासून त्याच पांचशांतले ३०० रुपये ती पोस्टांत भरूं लागली. देण्याची संवय हाताला लागलेलीच होती. आतां ती स्वतःच्या मुलासाठीं देऊं लागली.

दुसऱ्या राजांच्या पुस्तकांत, चौथ्या अध्यायांत, एका संदेष्ट्याच्या विधवेची कथा आहे. सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला होता. तेल वाढलें तेव्हां अलीशानें तिला जो क्रम सांगितला तो लक्षांत ठेवा. आधीं तेल विकून देणें फेडावयाचें, आणि जें राहील त्यावर निर्वाह करावयाचा. जड व्याजाचें कर्ज डोक्यावर असतां थोडे पैसे बँकेंत ठेवून समाधान मानणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. बँक वर्षास शंभरास थोडेसे रुपये देते. तो सावकार वर्षास साठ घेतो. तेव्हां असें कर्ज फेडणें हीच पहिली बचत.

येथें आणखी एक गोष्ट सांगावयास पाहिजे. महाराष्ट्रांत २०१४ च्या सावकारी कायद्यानें, परवान्यावांचून व्याजानें पैसे देण्याचा धंदा करणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि परवानेदारासहि सरकारनें ठरविलेल्या दराहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावयाची असते. ज्याच्या शेताचा कागद कोणी व्याजांत लिहून मागत असेल त्यानें एकट्यानें रडत बसूं नये. मंडळीच्या वडिलांस घेऊन तालुक्यास जावें.

घागरीचीं छिद्रें

आतां ज्यांच्या घरीं थोडी तरी फट आहे त्यांच्याशीं बोलूं. पैसा कोठें जातो हें ठाऊक नसेल तर तो राखितां येत नाहीं. दहा रुपयांची एक वही घ्यावी, आणि एक महिनाभर नवराबायकोनीं रात्रीं प्रार्थनेपूर्वीं दिवसाचा खर्च तींत लिहावा. एकमेकांस दोष देण्यासाठीं नव्हे, पाहण्यासाठीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असें प्रभूनेंच शिकविलें आहे. बसल्यावांचून हिशेब होत नाहीं.

ज्याची तंबाखू-सुपारी दिवसाला २० रुपयांची आहे, त्याचे वर्षास ७,३०० रुपये होतात. पोस्टांतील आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडतां येते. म्हणजे एका मनुष्याच्या तोंडांतील तंबाखूवर अशीं सहा खातीं चालतील. दारूविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. जिच्या घरीं ती आहे त्या भगिनीस तिचा हिशेब आमच्याहून चांगला ठाऊक आहे. अलीकडे दुसरें एक छिद्र पडलें आहे. पूर्वीं खिशांतील नोट मोडतांना हात आंखडत असे. आतां दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकिलें कीं पैसे जातात, आणि गेल्याचें दुःख होत नाहीं. मासिक हप्त्यानें मिळणारा नवा दूरध्वनी, नवी दुचाकी, हेंहि कर्जच आहे. केवळ त्याचें नांव गोड आहे. ऊंसतोडीस जाणारीं कुटुंबें मुकादमाकडून उचल घेतात. ती पुष्कळ वेळां कोयता हातीं घेण्यापूर्वींच संपते, आणि मग सबंध हंगाम संपलेल्या पैशासाठीं राबण्यांत जातो. मान्ना राखून ठेवणें दूरच; उद्यांचा मान्ना आपण आजच खाऊन बसतों.

सर्वांत मोठें छिद्र लग्नाचें आहे, आणि त्यांत आमचाहि अपराध आहे. मंडप, बँड, जेवणावळ, आहेर, यांसाठीं जमीन गहाण पडते. आणि त्या पंगतींत पहिल्या रांगेंत आम्ही पाळक बसतों, आशीर्वाद देतों आणि घरीं जातों. त्या घरांत पुढील पांच वर्षें काय चालतें तें आम्ही पाहत नाहीं. गालीलांतील काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला तेव्हां प्रभूनें त्या घराची लाज राखिली. आपल्या मंडळीनेंहि गरीब घराची लाज राखावी. चर्चमध्यें उपासना, एक साधें जेवण, सर्वांस सारखें, असा नियम एखाद्या मंडळीनें केला आणि तो प्रथम श्रीमंत सभासदानें पाळिला, तर गरिबास तो पाळण्यास लाज वाटणार नाहीं. नियम गरिबापासून सुरू केला तर तो टिकत नाहीं.

आधीं बाजूस ठेवणें

बहुतेक लोक म्हणतात, महिन्याच्या शेवटीं उरलें तर ठेवूं. उरत नाहीं. मान्ना सहाव्या दिवशीं गोळा करितांनाच दुप्पट घेतला गेला. सातव्या दिवशीं उरेल कीं काय, याची वाट कोणीं पाहिली नाहीं. प्रेषित पौलानेंहि करिंथच्या मंडळीस यरुशलेमेंतील गरिबांसाठींच्या वर्गणीविषयीं लिहितांना असाच क्रम घालून दिला. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं, मिळकतीच्या मानानें, प्रत्येकानें आपल्याजवळ कांहीं बाजूस ठेवावें. नियमानें ठेवणें, आपल्या ऐपतीप्रमाणें ठेवणें आणि आधीं ठेवणें, या तीन गोष्टी त्यांत आल्या.

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून एक चाल आहे. घरची स्त्री शिजवण्यास तांदूळ घेतांना प्रत्येक वेळीं त्यांतून एक मूठ वेगळी काढून ठेविते. तो तांदूळ मंडळींत आणितात, विकितात आणि तो पैसा देवाच्या कार्यास लागतो. ज्या लोकांजवळ नाणें क्वचितच असे त्यांनीं मुठीमुठीनें केवढें कार्य उभें केलें! ती मूठ शिजलेल्या भातांतून उरलेली नसते. भांडें चुलीवर चढण्यापूर्वीं काढिलेली असते. दानाचा जो नियम तोच बचतीचा नियम.

लहान रकमांस तुच्छ मानूं नये. १८१० सालीं स्कॉटलंडांतील रुथवेल या खेड्यांत हेन्री डंकन नांवाच्या पाळकानें आपल्या मंडळींतील गरीब मजुरांसाठीं बचत बँक काढिली. त्या काळच्या मोठ्या बँका थोड्या पैशांस दारांत उभें करीत नसत. डंकनच्या बँकेंत सहा पेन्सहि घेत असत. पैशाच्या पेटीस तीन कुलुपें होतीं, आणि तिन्ही किल्ल्या घेऊन तीन जण जमल्यावांचून ती उघडत नसे. त्या खेड्यांतील उदाहरणावरून अशा बँका दूरदूरच्या देशांत निघाल्या. आपल्या देशांत पोस्टाची बचत बँक १८८२ सालीं सुरू झाली, आणि आज ती बहुतेक गांवांच्या आवाक्यांत आहे. त्या पाळकानें आपल्या लोकांस केवळ काटकसर करा असें सांगितलें नाहीं. पैसा कोठें ठेवावा तें ठिकाणहि दिलें.

तेव्हां ठिकाणाविषयीं दोन शब्द. पोस्टांतील ठेवीस सरकारची हमी आहे. बँकेंतील ठेवीस, मुद्दल व व्याज मिळून एका बँकेंत एका ठेवीदारामागें पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण २०२० पासून आहे. पतसंस्थेंतील ठेवीस हा विमा नाहीं. तेथें चार पैसे अधिक व्याज मिळतें म्हणून सगळी पुंजी तेथें नेऊं नये. बचत गट चांगला चालला असेल तर त्यासारखा शेजारी नाहीं; बँकांनीं अशा गटांस जोडून घेण्याचा उपक्रम नाबार्डनें १९९२ मध्यें सुरू केला. परंतु गटाची वही प्रत्येक बैठकींत सर्वांसमक्ष वाचली जाते कीं नाहीं, हें पाहावें. रुथवेलच्या पेटीचीं तीन कुलुपें त्यासाठींच होतीं. आणि ज्या घराचा सगळा भार एका मिळवत्या माणसावर आहे त्यानें बँकेंत जाऊन वर्षास २० रुपयांच्या सरकारी अपघात विम्याची चौकशी करावी. वर्षास वीस रुपये म्हणजे दोन चहा.

कोणासाठीं

शेवटीं मूळ प्रश्नाकडे येऊं. एक मान्ना नासला, दुसरा टिकला, तो कां? जो केवळ स्वतःच्या भयासाठीं ठेविला तो नासला. जो देवानें सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसासाठीं, घरांतील सर्वांसाठीं ठेविला तो टिकला. तेव्हां आपल्या शिल्लकेस रोज विचारावें : तूं कोणासाठीं आहेस?

ऑक्सफर्ड येथील एका तरुणाची गोष्ट जॉन वेस्ली यांनीं आपल्या उपदेशांत सांगितली आहे. ती त्यांची स्वतःचीच, असें पुष्कळ जण मानितात. त्याला वर्षास ३० पौंड मिळत. २८ पौंडांत तो राही आणि दोन देऊन टाकी. पुढें मिळकत ६० झाली, मग ९०, मग १२०; तो राहिला २८ पौंडांतच, आणि बाकीचें गरिबांस गेलें. आपल्यापैकीं प्रत्येकास असें करितां येणार नाहीं. ज्याच्या घरीं लेंकरें आहेत त्यानें त्यांच्या शिक्षणासाठीं ठेवावें, तें त्याचें कर्तव्यच आहे. परंतु मजुरी वाढली म्हणजे खर्च वाढलाच पाहिजे, हा नियम देवानें केलेला नाहीं, एवढें तरी त्या गोष्टींतून शिकूं या.

आणि ज्याच्या घरीं खरोखरच कांहीं उरत नाहीं, त्यास बचतीचा उपदेश करून मंडळीनें हात झटकूं नयेत. रानांत मान्ना मापून पाहिला तेव्हां बलवानास अधिक उरला नाहीं आणि दुर्बलास उणा पडला नाहीं. पौलानें दानाविषयीं लिहितांना हीच गोष्ट करिंथकरांस आठवून दिली. मंडळींत एक लहानशी पेटी असावी, तीस तीन कुलुपें असावींत, आणि आजारांत, बाळंतपणांत, सुतकांत तींतून बिनव्याजी हात मिळावा. त्या विधवेला आम्हीं दोन वर्षें आधीं विचारिलें असतें तर १२,००० रुपये वांचले असते. ही आमची चूक आम्ही छापून ठेवीत आहों, ती दुसऱ्या मंडळींत होऊं नये म्हणून.

या आठवड्यांत प्रत्येक घरानें तीन गोष्टी कराव्या. एक वही सुरू करावी. आपलें व्याज वर्षास किती पडतें तें काढावें. काढितां येत नसेल तर शाळेंतील मुलास किंवा पाळकास विचारावें, आणि विचारण्याची लाज धरूं नये. आणि मजुरी हातीं येईल त्या संध्याकाळीं, बाजारास जाण्यापूर्वीं, एक मूठ वेगळी काढावी. ती दहा रुपयांची असली तरी चालेल.

हे दयाळू पित्या, आमच्या हातांच्या श्रमास तूं आशीर्वाद देतोस. आम्हांस हांव आणि भय या दोहोंपासून सोडीव. ज्यांच्या मानेवर कर्जाचें जूं आहे त्यांस सोडविण्यास आमच्या मंडळ्यांस बुद्धि व धैर्य दे. आमच्या घरांतील थोडें आम्ही विश्वासूपणें सांभाळावें, आणि तुझ्या सातव्या दिवशीं कोणाचेंहि लेंकरूं रिकामें भांडें घेऊन बाहेर पडूं नये, असें कर. आमेन.